जोड लागेपर्यंत

गाण्याआधी तंबोरा लावायला कुणाला किती वेळ लागतो, यावरून तो माणूस थोडाफार कळतो. कुणी दोन मिनिटांत ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. कुणी वीस मिनिटं खुंट्या पिळत बसतो आणि तरी कपाळावरची आठी जात नाही. यातल्या दुसऱ्याला लगेच कानसेन ठरवू नये. तेवढ्या वेळात कान थकतो आणि नीट लागलेली तारही चुकल्यासारखी वाटू लागते. पाच मिनिटांत जमत नसेल तर तंबोरा खाली ठेवावा, पाणी प्यावं आणि मग पुन्हा बसावं.

सुरुवात चार तारांपैकी मधल्या दोन तारांपासून, म्हणजे जोडीपासून करावी. एक तार सूरपेटीला मिळवून घ्यायची. पुरुषांचा सूर बहुधा पेटीच्या पट्टीतल्या काळी एकच्या आसपास, बायकांचा काळी चारच्या. मग दुसरी तार पहिलीला मिळवायची, आणि खरी परीक्षा इथेच आहे. समजा एक तार सेकंदाला 140 वेळा कंप पावते आहे आणि दुसरी 142 वेळा, तर सूर सेकंदाला दोनदा डोलतो. जवळ आणत जाल तसं डोलणं संथ होतं आणि शेवटी थांबतं. ते थांबण्याच्या जरासं आधीच हात खुंटीवरून निघतो. ‘चालेल एवढं’ असं आपण कुठे म्हणतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी वस्तू घरात दुसरी क्वचितच असेल. तंबोरा ही तडजोड झाकूनही ठेवत नाही. मूळ सुरात अर्ध्या कंपनाचा फरक राहिला, तर वरच्या पाचव्या स्वरांशात, म्हणजे त्याच तारेतून मूळ सुरासोबत निघणाऱ्या पाचपट कंपनांच्या सुरात, तो अडीच कंपनांचा होतो. म्हणून जोड ‘जवळजवळ’ लागलेली असली की वरचा झणत्कार कडवट येतो आणि बिचाऱ्या जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्याला, बोल लागतो.

खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी, आणि सूर नेहमी खालून वर न्यावा. चढलेली तार नुसती उतरवून सुरात आणली तर ती थोड्या वेळाने पुन्हा सरकते. आधी जास्त उतरवून मग चढवली की टिकते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुकून निसटतात. निसटणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावला की काम भागतं. शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेले मणी सरकवून काढायचा. जोडीनंतर खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची शेवटची तार, त्यानंतर पंचमाची पहिली. मालकंस रागाला हीच पहिली तार मध्यमात, मारव्याला निषादात.

घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा हे या वाद्यातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला पुसटशी चाटत राहते, म्हणून आवाज खुलतो. दोरा योग्य जागी नसेल तर तार मुकी होते किंवा नुसती खरखरते. छेडत छेडत दोरा अगदी हळू सरकवावा. एका जागी सूर अचानक फुलतो, तिथे थांबावं. दोऱ्याला कुठेच जागा मिळत नसेल तर घोडी झिजली आहे, आणि तिथे कानस घरी चालवू नये. जवारी काढणं हे मिरजेच्या कारागिरांसारख्या तयार हातांचं काम. त्या गावच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या हातांची ख्याती त्याच्या किती तरी आधीची.

तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. पेटीचा गंधार त्याच्याहून सुमारे 14 सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर) चढा असतो. पेटीवर वाढलेल्या गळ्याला म्हणूनच तंबोऱ्याचा गंधार आधी उतरलेला वाटतो. आपण ज्याला जन्मजात कान म्हणतो, त्यात सवयीचा वाटा केवढा असतो हे इथे उघडं पडतं. काही दिवस नुसतं ऐकत बसलं, की कान बाजू बदलतो.

तारा छेडायच्या त्या बोटाच्या मांसल भागाने, तारेच्या मध्याजवळ; पहिली मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. नखाने किंवा घोडीजवळ छेडलं तर गोलाई जाते. आणि छेडणं गाण्याच्या लयीत जाऊ देऊ नये, हे वाटतं तेवढं सोपं नाही. द्रुत सुरू झालं की बोटं हमखास घाई करतात.

मग षड्ज लावायचा, ‘आ’कारात, एका श्वासात. गाताना तंबोरा ऐकू येत नसेल तर आपण नको तेवढ्या मोठ्याने गातो आहोत. हे रेकॉर्ड करून ऐकावं, पण पहिल्या ऐकण्यात दचकू नये. गाताना आपला आवाज हाडांमधूनही कानात पोचतो आणि त्यात खालचे सूर भरून येतात. रेकॉर्डमध्ये ती भर नसते, म्हणून आवाज पातळ वाटतो. लोक रोज ऐकतात तो हाच. वहीत ‘आज छान झालं’ असलं काही लिहू नये, त्यातून काही कळत नाही. श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर सूर ढळला, वर की खाली, तेव्हा हनुवटी कुठे होती, एवढंच लिहावं. दोन-तीन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की नमुना दिसतो. श्वास संपत आला की उतरणारे पुष्कळ. कुणी ऐकत असलं की चढणारेही कमी नाहीत. पहिल्यांनी ओळ आखूड घ्यावी. दुसऱ्यांनी आवाज निम्म्यावर आणून तोच षड्ज पुन्हा लावून पाहावा.

अर्ध्या तासाने जोड मात्र पुन्हा तपासावी. खोली तापली की तारा उतरतात आणि गाणाराही नकळत त्यांच्याबरोबर उतरतो. तसं झालं तर वहीतला सगळा हिशेब चुकतो, कारण त्या दिवशी ढळलेला सूर गळ्याचा होता की तंबोऱ्याचा, हे मागाहून सांगता येत नाही.