व्हॉट डू यू थिंक?

शनिवार, रात्री दहा

गच्ची ओली होती म्हणून आज बैठक खाली पार्किंगमध्ये झाली. दोन स्कूटर बाजूला सारल्या, बैठक घेणाऱ्या बाईंच्या घरातल्या सतरंज्या अंथरल्या आणि बाहेर पागोळ्या गळत असताना आम्ही नऊजण इंग्रजीत बोलायला बसलो. माझा हा तिसरा शनिवार. पहिले दोन मला जड गेले नव्हते. सकाळी उठल्यापासून काय करता, बाजारहाट कुठे करता, असे विषय होते. आमच्या नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजाराबद्दल मी चार मिनिटं बोलले होते, आणि बाईंना ते आवडलंही होतं.

आज विषय होता लग्नातला खर्च. एसटीतून निवृत्त झालेले काका बोलले, दिंडोरीकडचे द्राक्षवाले दादा बोलले. मग बाई माझ्याकडे वळल्या. "व्हॉट डू यू थिंक?"

मी गप्प. मिनिटभर तरी गप्प होते. बाईंनी घाई केली नाही, त्यांची तशी रीतच नाही. शेवटी मी म्हटलं, "आय हॅव नो वर्ड्स." पाळी पुढे गेली.

परतताना अहिल्यादेवी होळकर पुलावर गाडी जरा कडेला घेतली आणि तेच उत्तर मनात मराठीत जुळवून पाहिलं. म्हटलं, इंग्रजी शब्द नव्हते ना, मग मराठीत सांग. लग्नातल्या खर्चाबद्दल तुझं म्हणणं काय? मराठीतही काही आलं नाही. पुतणीच्या लग्नाच्या वेळी आमच्याच हॉलमध्ये याद्या झाल्या, मानपान ठरला, कार्यालय ठरलं, जेवणाच्या ताटाचा दर ठरला. मी तिथेच होते. चहा मीच दिला. पण मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. एवढ्या वर्षांत या विषयावर माझं मत तयारच झालेलं नाही, आणि दोष मात्र मी इंग्रजीला देत होते.

मी या बैठकीला का आले ते या वहीत अजून लिहिलेलं नाही. अंबडच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं स्टोअर सांभाळते. फेब्रुवारीत ऑडिट होतं. ऑडिटर साहेबांनी रॅकसमोर उभं राहून मला विचारलं, कुठला माल आधी आला हे तुम्ही कसं ओळखता? प्रश्न इंग्रजीत होता, पण मला शब्द न् शब्द कळला होता आणि उत्तरही माझ्याकडे होतं. दर महिन्याच्या मालाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावायची पद्धत मीच सुरू केलेली आहे. जानेवारीची निळी, फेब्रुवारीची पिवळी. लांबून नजर टाकली तरी जुना माल कुठला ते दिसतं, आणि आधी तोच बाहेर जातो. मी वाक्य जुळवत होते तेवढ्यात आमच्या वरिष्ठांनी उत्तर देऊन टाकलं, तेही अर्धवट. बिन कार्डावर, म्हणजे रॅकवरच्या नोंदीच्या कार्डावर, तारीख असते, एवढंच. रंगांचं राहून गेलं. साहेब मान डोलावून पुढच्या रॅककडे गेले.

प्रश्न मला विचारलेला होता. ते अजून सलतं.

मी सिन्नर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, तोवर मी कॉलेजात पोचले होते. व्याकरण मला येतं. आजही एखादं वाक्य दिलं तर त्याचा प्रयोग बदलून दाखवीन. पण त्या सगळ्या वर्षांत वर्गात कुणी विचारलं नव्हतं की, बाळ, तुला काय वाटतं?

शनिवार

बाईंची एक पद्धत आहे, तिला आम्ही चार-तीन-दोन म्हणतो. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. मध्ये कुणी चुका काढायच्या नाहीत. ऐकणाऱ्यानं शेवटी फक्त त्याला काय समजलं ते सांगायचं. पहिल्या वेळी सगळी शक्ती शब्द शोधण्यात जाते. दुसऱ्या वेळी शब्द हाताशी असतात, म्हणून वाक्य सुधारतं. तिसऱ्या वेळी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला सवड मिळते. नवी वाक्यं पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं आता पक्कं मत झालंय. आपलीच गोष्ट असते, ती विसरायची भीती नसते.

मी रंगीत चिठ्ठ्या घेतल्या. पहिल्यांदा नर्सिंगच्या मुलीला सांगितलं, अडखळत. मग काकांना. तिसरे ऐकणारे द्राक्षवाले दादा. त्यांचा माल युरोपात जातो, त्यामुळे त्यांना हे लगेच उमगलं. पेटी कुठल्या बागेतली हे तिकडे बसूनही शोधता आलं पाहिजे. त्यासाठी बागेची नोंदणी करावी लागते, २००६ पासून त्याची ग्रेपनेट नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. द्राक्षात औषधाचा अंश किती उरलाय याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. हे सगळं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. त्यांचे काळ पार इकडचे तिकडे होत होते, पण एकही मुद्दा निसटला नाही. मग त्यांनी विचारलं, "व्हॉट इफ द टॅग फॉल्स?"

चिठ्ठी गळून पडली तर? चौदा वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी सांगितलं की गळते, पावसाळ्यात डिंक सुटतो, म्हणून आता चिठ्ठी दोऱ्यानं बांधते. दोरा आठवला, त्याची गाठ कशी मारायची ते हातानं दाखवलं, आणि त्या भरात मी इंग्रजीत बोलतेय हे काही क्षण विसरून गेले.

बुधवार, जेवणाची सुट्टी

एक गोष्ट ध्यानात आली, ती टिपून ठेवते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "दादा, तुम्ही म्हणता ते खरंय, मोठं लग्न केलं की चार माणसं जोडली जातात, पण कर्ज काढून केलेलं मला पटत..." इथवर आलं तरी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून अजून ठरवता येतं, "नाही" म्हणायचं की सावरून घ्यायचं. इंग्रजीत ती सोय नाही. आय डोन्ट अग्री. सुरुवातीलाच सांगून मोकळं व्हावं लागतं, आणि मग कारणं देत बसायचं. म्हणून मला ते उद्धट वाटायचं. मोठ्या माणसासमोर तर जीभच रेटत नाही.

बाईंनी यावर तोडगा सांगितला. आधी "आय सी युअर पॉइंट" म्हणायचं, मग "बट". आणि शब्द सुचत नसेल तर गप्प न राहता "लेट मी थिंक" म्हणायचं, म्हणजे आपली पाळी आपल्याकडेच राहते. ऑडिटच्या दिवशी मला एवढे तीन शब्द यायला हवे होते.

शनिवार, रात्री उशिरा

आजचं लिहायला बसले, पण कुठून सुरू करू कळत नाही.

विषय साधा होता. आपल्या जवळची एक जागा आणि तिचा इतिहास. कुणी पांडवलेणी घेतली, कुणी सार्वजनिक वाचनालय. नर्सिंगच्या मुलीनं काळाराम मंदिर घेतलं. आम्ही बसतो तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. मला वाटलं ती काळ्या दगडाबद्दल सांगेल, रामनवमीबद्दल सांगेल.

तिनं २ मार्च १९३० पासून सुरुवात केली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिराकडे निघाली, दरवाजे बंद होते, माणसं दारांसमोर बसून राहिली. बायकाही होत्या. नाशिक जिल्ह्यातलेच दादासाहेब गायकवाड तो लढा चालवत होते. वर्षांमागून वर्षं गेली, पण दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ती सावकाश, एकेक वाक्य ठेवत बोलत होती. "वी वॉन्टेड टू एन्टर. दे क्लोज्ड द डोअर्स."

ती थांबल्यावर काकांनी प्रश्न विचारला. आमच्याकडे ऐकणाऱ्यानं एक तरी प्रश्न विचारायचाच असतो. काकांचा आवाज जड झाला होता. "व्हाय डिड वी क्लोज द डोअर्स?"

दोघांनीही "वी" म्हटलं. तिचं "वी" दाराबाहेर उभं होतं, काकांचं आत. बाईंनी काही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच, व्याकरण दोघांचंही बरोबर होतं. थोडा वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आय डोन्ट नो, काका. यू टेल मी."

काकांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. भीती होती म्हणाले. कसली भीती, तिनं विचारलं. ते मध्येच मराठीत आले, परत इंग्रजीत गेले. शेवटी म्हणाले, माझे आजोबा त्या वेळी इथेच राहत होते, ते कुठल्या बाजूला उभे होते हे मी घरात कधी विचारलं नाही. एवढं बोलून ते खाली बघत बसले. काकांबद्दल माझ्या मनात आज फार आदर आहे, आणि त्या मुलीबद्दल त्याहून जास्त.

मराठीत "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. तोंड उघडलं की लगेच ठरवावं लागतं, समोरच्याला आपल्यात धरायचं की वगळायचं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. तो जोडतो की झाकतो? निमाणी बसस्टँडपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले तेव्हा मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "ताई, इंग्रजीत हे बोलायला मला सोपं गेलं. मराठीत बोलले असते तर सगळ्यांना आधी माझं आडनाव आठवलं असतं."

बस आली, ती गेली. तिला काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. आमची भाषा अशी का असावी की तिच्यात आपलीच गोष्ट सांगायला तिला अवघड जावं? पण भाषेला तरी का बोल लावू? आडनाव तर आम्ही आठवतो.

गुरुवार

दोन दिवस पावसाची झड आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गंगा फुगलीय. ऑफिसात, दुकानात, सगळीकडे एकच प्रश्न, मारुतीला पाणी कुठवर आलं? दुपारी कमरेपर्यंत होतं, आता छातीपर्यंत आलंय म्हणतात. शनिवारी बाईंनी पूर हाच विषय दिलाय, म्हणून मी वहीत जुळवणी करायला बसले. दुतोंड्या मारुती पहिल्याच ओळीत अडला. "टू-फेस्ड" लिहिलं आणि खोडलं, त्याचा अर्थ दुटप्पी असा होतो. मग लिहिलं, पुढून आणि मागून दोन्हीकडे तोंड असलेली मारुतीची उंच मूर्ती नदीपात्रात उभी आहे, आणि नाशिककर पूर फुटात मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. इंग्रजीत लिहिताना पहिल्यांदाच वाटलं, किती सुंदर माप आहे हे! क्युसेकचा आकडा ऐकून पोटात गोळा येत नाही. मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं म्हटलं की येतो.

सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांचं माहेर पंचवटीतलं. १९६९ चा महापूर त्यांनी लहानपणी पाहिलाय, घरातली भांडी वाहून गेल्याचं त्या नेहमी सांगतात. ती गोष्ट मी खूप वेळा ऐकलीय. आज मी ती विचारली नाही. वहीतून मान वर करून म्हटलं, "आई, आताच्या नदीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटणार?"

मी थांबले. बाई थांबतात तशी. दोन पाकळ्या सोलून झाल्या, तिसरी झाली.

"कुंडांच्या तळाशी सिमेंट घालायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या लहानपणी खालून जिवंत झरे होते. पायाला गार लागायचे. वरून पाणी आटलं तरी कुंड कोरडं पडत नसे. आता धरणातून सोडलं तर पाणी, नाहीतर नाही. मी तेव्हाच म्हणत होते."

"कुणाला म्हणत होतात?"

"कुणाला नाही. मनात."

मग त्या अर्धा तास बोलल्या. पूररेषेच्या आत उठलेल्या इमारतींबद्दल, नदीला मिळणाऱ्या नाल्यांबद्दल, येत्या सिंहस्थाला एवढी माणसं येतील त्यांना आपण कुठलं पाणी देणार याबद्दल. लसूण तसाच राहिला. मी लिहून घेत होते, आणि मध्येच त्यांनी विचारलं, "हे तू तिथे इंग्रजीत सांगणार?"

"हो. तुमचं नाव घेऊन सांगणार."

"मग झऱ्यांचं नीट सांग."

जिवंत झरे. वहीत "लिव्हिंग स्प्रिंग्ज" लिहून ठेवलंय, बाईंना विचारायचं असं म्हणतात का. आणि पायाला गार लागायचे, ते कसं सांगायचं?