मेंढवाड्यातला सार्जंट

मुंबईत परळला पशुवैद्यकाचे शिक्षण घेताना लाळ्या-खुरकूत हा माझ्या नित्याच्या परिचयाचा रोग होता. तोंडातले फोड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायचे, खुरांच्या जखमांना औषध लावायचे आणि गावातल्या उरलेल्या जनावरांना लस टोचायची. बहुतेक मोठी जनावरे त्यातून उठत. एप्रिल 2001 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियात तात्पुरता पशुवैद्य म्हणून काम करताना मात्र त्याच रोगासाठी मला संपूर्ण कळप मारण्याच्या आदेशावर सही करावी लागत होती. नियम असा होता, की बाधित शेतावरची जनावरे 24 तासांत आणि लगतच्या शेतांवरची 48 तासांत मारायची.

निदानाला वेळ लागत नव्हता. सारे अडत होते ते विल्हेवाटीपाशी. मारलेली जनावरे कित्येक दिवस गोठ्यांत आणि कुरणांत पडून राहत, आणि ज्याने ती वाढवली त्याला ती खिडकीतून दिसत राहत. मार्चच्या उत्तरार्धात ब्रिगेडियर ॲलेक्स बर्टविसल यांच्या हाताखाली लष्कर आले, तेव्हा ग्रेट ऑर्टनच्या दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर प्रचंड चर खणले गेले. पुढे तिथे साडेचार लाखांहून अधिक जनावरे पुरण्यात आली.

त्या दिवशी माझ्यासोबत आलेला सार्जंट आधी कोसोवोत होता. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. नकाशा, फोन आणि ठेकेदारांची यादी एवढेच होते. कत्तल करणारी माणसे किती वाजता पोहोचतील, भरपाईसाठी किंमत ठरवणारा त्यांच्या आधी येईल ना, न गळणाऱ्या मालमोटारी कोणत्या फाटकातून आत येतील आणि त्या कुठे निर्जंतुक केल्या जातील, हे सारे त्याने सकाळी नऊच्या आत ठरवले. मग तो शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसला आणि दिवसभरात काय काय घडणार आहे ते त्याला काहीही न लपवता सांगितले. ऐन विण्याचा हंगाम होता. आदल्या रात्री जन्मलेली कोकरे वेगळ्या वाड्यात होती; त्यांना धरून देण्याचे काम दोन तरुण सैनिकांनी केले, आणि दुपारी त्यांतल्या एकाला बोलवेना. युद्धाच्या प्रशिक्षणात या कामाची तयारी कुणी करून घेतली असेल, असे मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत शेत रिकामे आणि धुतलेले होते. कलेवरांसोबत आठवडाभर राहण्याची वेळ त्या कुटुंबावर आली नाही, याचे सारे श्रेय मी त्या सार्जंटला देतो.

पुढच्याच वर्षी अग्निशमन दलाच्या संपात सुमारे 19,000 सैनिक आगी विझवायला उभे राहिले. 2003 मध्ये त्याच सैन्याला इराकमधल्या बसऱ्याला युद्धावर जावे लागले आणि 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये प्रेक्षकांच्या पिशव्याही त्याच सैन्याने तपासल्या. संकटकाळी घरच्या कामाला लष्कर वापरावे की नाही, यावर ब्रिटनमध्ये आजही वाद होतो. माझे मत त्या शेतावर पक्के झाले: बोलवायचेच असेल, तर कलेवरे साचण्याआधी बोलवावे. कंब्रियात ते उशिरा आले.