१६ इंचांची सीमारेषा

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १६ इंच नळीची रायफल ही साधी रायफल असते. तीच नळी साडेपंधरा इंचांची झाली, की ती 'आखूड नळीची रायफल' ठरते आणि नोंदणी व पूर्वपरवानगी नसल्यास मालकाला १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शॉटगनसाठी हीच मर्यादा १८ इंच आहे. बंदुकीची संहारकता अर्ध्या इंचाने फारशी बदलत नाही. बदलतो तो तिचा कायदेशीर वर्ग. हे वर्गीकरण धोक्याच्या मोजमापातून आले असावे, असे कोणालाही वाटेल, पण ते मुख्यतः १९३४ सालच्या एका तडजोडीतून आले, हे इतिहास वाचल्यावर लक्षात येते.

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर 'नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट' तयार होत असताना मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलांवर बंधन आले तर लोक रायफल किंवा शॉटगन कापून लपवण्याजोगे हत्यार करतील, ही पळवाट बुजवण्यासाठी आखूड नळीचे कलम घालण्यात आले. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली, कलम मात्र तसेच राहिले. म्हणजे ज्या दाराला हा अडसर लावला होता ते दारच काढून टाकले गेले, आणि अडसर आजही उभा आहे. मर्यादाही अढळ नव्हती: रायफलीसाठी ती आधी १८ इंच होती, १९६० मध्ये १६ झाली. अशी हत्यारे बनवण्यावर आणि हस्तांतरित करण्यावर कर होता २०० डॉलर, म्हणजे त्या काळी एका टॉमी गनच्या (टोळ्यांच्या आवडत्या हलक्या मशीनगनच्या) किमतीच्या आसपास. तो जणू मनाई करण्यासाठीच लावलेला होता.

खरी गुंतागुंत बदलाच्या दिशेत आहे. मुळात पिस्तूल म्हणून बनलेल्या हत्याराची रायफल करून ते पुन्हा पिस्तुलाच्या रूपात आणता येते, असे संघीय शस्त्रनियंत्रण संस्थेने, म्हणजे एटीएफने, २०११ मध्ये स्पष्ट केले. पण मुळात रायफल म्हणून बनलेल्या हत्याराचे पिस्तूल केले, तर ते नोंदणीयोग्य वर्गात जाते. समोर ठेवलेल्या दोन वस्तू हुबेहूब सारख्या असू शकतात आणि त्यांतील एकच बेकायदा असू शकते, कारण कायदा वस्तूबरोबर तिचा जन्मही पाहतो. हत्यार जोडलेलेच नसेल तर काय, हा प्रश्न १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. थॉम्पसन सेंटर कंपनी एका पिस्तुलाबरोबर खांद्याला टेकवायचा दस्ता आणि लांब नळी असा संच विकत होती, आणि त्या भागांतून आखूड रायफलही जुळू शकते, असे सरकारचे म्हणणे होते. कायद्याची भाषा संदिग्ध आहे आणि संदिग्धतेचा लाभ करदात्याला मिळतो, या आधारावर कंपनी जिंकली. हा निकाल मला योग्य वाटतो. ज्या नियमाच्या भंगासाठी तुरुंगवास आहे, तो नियम मालकाला आधी कळायला हवा.

त्याच वर्षी आयडाहो राज्यातील रूबी रिज येथे संघीय अधिकाऱ्यांनी रँडी वीव्हर याच्या घराला वेढा घातला. त्या प्रकरणाच्या मुळाशी त्याने कापलेल्या नळीच्या शॉटगन विकल्याचा आरोप होता. वेढ्यात त्याची पत्नी, मुलगा आणि एक संघीय अधिकारी असे तिघे मेले. शस्त्रांच्या आरोपातून मात्र ज्यूरीने वीव्हरला निर्दोष सोडले.

अलीकडे वाद सुट्या जोडसामानाभोवती फिरतो. अपंग नेमबाजाला पिस्तूल हातावर आधार देऊन धरता यावे म्हणून निघालेला ब्रेस लोक खांद्याला टेकवू लागले, तेव्हा एटीएफच्या २०२३ च्या नियमाने, खांद्याला टेकवून झाडायचे हत्यार ते रायफल या व्याख्येवरून, अशी पिस्तुले मोठ्या प्रमाणावर आखूड रायफली ठरवली. २०२४ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. बंप स्टॉक, म्हणजे झटक्याचा उपयोग करून रायफल झपाट्याने झाडू देणारा दस्ता, जोडलेली रायफल मशीनगन नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. चाप एकदा ओढल्यावर एकाहून अधिक गोळ्या आपोआप सुटतात का, एवढ्याच व्याख्येवर तो उभा आहे. शब्दार्थाने तो बरोबर असेल. बंप स्टॉक वापरून झालेल्या लास वेगासच्या हत्याकांडानंतर तो वाचणे मात्र सोपे नाही.

१ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफली, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांच्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. नोंदणी आणि शिक्षा कायम आहेत. हा कायदा १९३७ मध्ये न्यायालयात टिकला होता तो कर लावण्याच्या अधिकाराच्या बळावर, त्यामुळे करच नाही तर नोंदणी कशाच्या आधारे, असे विचारणारे खटले आता उभे राहिले आहेत.