देठ

दुपारपासून एकच वाक्य कानात आहे. दादा फोनवर बाबांना सांगत होता, "बाबा, आंबो देठासकट काढूक होयो, नायतर चीक हातार उडता." आणि बाबा म्हणाले, "होय? मगे?"

होय, मगे? देवगडात आख्खा जन्म कलमांखाली काढलेला माणूस! दादा शाळेत होता तेव्हापासून त्याच्या हातात आंबे उतरवायचा झेला देऊन "देठ ठेव रे झिला" म्हणून बाबांनीच घसा सुकवला. गेली तीन वर्षं काढणी मी बघते. पेटीत बिनदेठाचा आंबा सापडला की बाबा तो नुसता माझ्यासमोर धरतात. चिकाचा काळा ओघळ मला दिसावा, एवढंच. बोलत नाहीत. मला कधी "मगे?" मिळालं नाही.

दादा ज्या व्हिसावर गेलाय, तो काम करत फिरायचा व्हिसा ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी उघडला. वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30, नावं सोडतीने निघणार. वयात मीही बसत होते. असो. आईच्या पाटल्यांचंही आज नको.

बारा महिन्यांचा व्हिसा. तीन महिने तिकडच्या शेतात काम केलं की दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, म्हणून दादा क्वीन्सलंडमध्ये मरीबाला आंबे काढतोय. आपल्याकडे आत्ता कुठे मोहर फुटतोय आणि तिथे काढणी! बाही वर करून त्याने हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत चिकाने उठलेले लालभडक फोड. आई म्हणाली, "खोबरेल लाव." पुढे तिला बोलवेना.

पण तो "मगे?" काही डोक्यातून जाईना. रात्री भांडी घासताना आठवलं, त्या दोघांचा फोन एरवी किती चालतो? "जेवलंस?" "होय." "आवशीकडे देतंय." संपलं. आज अकरा मिनिटं चालला. "माका ठावक आसा" असं बाबा म्हणाले असते, तर दादा तिथेच थांबला असता. पुढचं राहिलंच असतं: ठेंगणी छाटलेली झाडं, आंबे टाकायचं साबणाचं पाणी, उन्हात तापलेलं डोकं, काही काही.

वाईट वाटायचं थांबलंय असं नाही. माझ्याशीही कधीतरी अकरा मिनिटं बोलावं त्यांनी.

आत्ता बाबा ओटीवरून विचारतायत, "थय आता किती वाजले?"

"आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, बाबा."

"म्हणजे निजलो असतलो."

दुपारपासून तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.