एका नियमाची गोष्ट: रेसच्या कमिटीतला माझा अनुभव

मी बरीच वर्षं धावतेय आणि आमच्या रनिंग ग्रुपच्या १० किलोमीटर रेसच्या कमिटीतही आहे. यंदा महिला गटात एका ट्रान्स महिलेची (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण बाई म्हणून जगणारी) एन्ट्री आली आणि लक्षात आलं की याबद्दल आमच्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नाहीये. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मला आधी वाटलं टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषांत जास्त असणाऱ्या हार्मोनच्या, कमाल पातळीचा एक आकडा टाकला की झालं. ऑलिम्पिक समितीने २०१५ मधे १० नॅनोमोल प्रति लिटर ठेवला होता, वर्ल्ड ॲथलेटिक्सने (ॲथलेटिक्सची जागतिक संघटना) २०१९ मधे तो ५ वर आणला आणि मार्च २०२३ मधे आकडाच सोडून दिला, मुलगा म्हणून वयात येणं झालं असेल तर महिला गट नाही असं केलं. का सोडला ते कळायला मला दोन रात्री लागल्या. टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं पण ताकद वर्षभरानंतरही थोडीच कमी होते, आणि उंची, हाडांची लांबी बदलतच नाही. टॉपच्या पुरुष आणि महिला धावपटूंत साधारण १०-१२ टक्क्यांचा फरक असतो, आणि मी स्वतः सात सेकंदांनी तिसरा नंबर घालवलाय, त्यामुळे हा फरक मला किरकोळ म्हणता येत नाही.

पण तपासणार कसं? कमिटीतून सूचना आली, "शंका आली तर तपासू." हे वाक्य मी हट्टाने काढायला लावलं. शंका येते ती उंच, रुंद खांद्यांच्या, बारीक केस कापलेल्या बाईवर, ती ट्रान्स असो नसो. आपली धावपटू शांती सौंदराजन, तिचं २००६ च्या दोहा एशियन गेम्समधलं ८०० मीटरचं सिल्व्हर अशाच लिंगचाचणीमुळे गेलं आणि तिचं खासगी आयुष्य जगभर चघळलं गेलं. १९९६ ला अटलांटात ३३८७ महिलांची टेस्ट झाली, त्यात ८ जणींमधे एसआरवाय जीन (सहसा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असणारा) सापडला, बहुतेकींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा अर्धवट दादच देत नव्हतं, आठही जणींना खेळू दिलं. आता सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड रँकिंगच्या स्पर्धांत महिला गटासाठी हीच जीन टेस्ट आयुष्यात एकदा करावी लागते, पण आमच्यासारख्या रेसमधे कोणाच्या गालातून नमुना घ्यायचा आम्हाला काय अधिकार?

वेगळा गट काढा असंही कोणी म्हणालं. पोहण्याच्या वर्ल्ड कपला २०२३ मधे बर्लिनला तसा ओपन गट ठेवलेला, एकही एन्ट्री आली नाही. एकट्या माणसाला वेगळं उभं करणं मला नकोच होतं.

शेवटी असं लिहिलं: महिला गटाच्या बक्षिसाला २०२३ चा नियम, पुरुष गटाचं नाव बदलून ओपन, बिबवर (छातीवरच्या नंबरच्या कागदावर) गट छापायचा नाही, कागदपत्रं मागायची नाहीत, स्वतःचं डिक्लेरेशन पुरे.

एन्ट्री भरलेल्या त्या ट्रान्स महिलेला फोन मीच केला. ती म्हणाली, "ताई, मला हा नियम पटलेला नाही, पण तो आधीच लिहिलेला असता तर मी एन्ट्री भरण्यापूर्वी वाचला असता." यावर मी माफी मागितली, दुसरं काय करणार. दोन दिवसांनी तिने एन्ट्री ओपनमधे बदलून घेतली आणि विचारलं, कपडे कुठे बदलायचे? ते आम्ही लिहायचंच विसरलो होतो. त्याच संध्याकाळी आतून कडी असलेल्या दोन केबिन ठरवल्या, कोणीही वापराव्यात अशा.