जांभ्याचा लाल रंग आणि लेआउटवरचा उजेड

मॉडेल रेल्वेच्या छंदात लेआउट, म्हणजे रूळ-देखाव्यासह छोटी मांडणी, उभारताना रूळ, सिग्नल आणि इंजिने यांवर आपण महिनेच्या महिने खर्च करतो. उजेड मात्र छतावरच्या जुन्या ट्यूबलाइटवर सोपवून मोकळे होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, कोकण रेल्वेचा देखावा उभारणाऱ्याने रंगाची डबी उघडण्यापूर्वी दिव्यांचा निर्णय घ्यावा, कारण जांभ्याचा रंग उजेडाच्या जातीप्रमाणे बदलतो.

रत्नागिरीच्या आसपास लोहमार्गालगत कापलेल्या जांभ्याच्या कडा उन्हात विटकरी, तर पावसात भिजल्यावर काळपट लाल दिसतात. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात गडद लाल रंगाचा अंश फार कमी असल्यामुळे तोच जांभा मेलेल्या तपकिरी मातीसारखा भासतो. एलईडी पट्टी घेताना आपण सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, ९० च्या वर आहे ना, एवढेच विचारतो. पण तो आकडा ८ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लालाचे आर९ हे माप त्यात धरलेलेच नसते. म्हणून आर९ वेगळे विचारावे, आणि ते सांगता न येणाऱ्या दुकानातून पट्टी घेऊ नये.

माझ्या मांडणीत ३००० केल्विनची (पिवळसर, उबदार) आणि ६५०० केल्विनची (निळसर पांढरी, थंड) अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी असून त्यांचे नियंत्रण स्वतंत्र आहे. रात्रीसाठी एक निळी पट्टी आहे. दुपारी दोन्ही पट्ट्या भरपूर, संध्याकाळी थंड पट्टी आधी उतरते आणि आषाढातल्या ढगाळ दिवसासाठी केवळ थंड पट्टी मध्यम ठेवली तरी पुरते. पट्ट्या लेआउटच्या पुढच्या कडेच्या वर, लोंबत्या झालरीमागे हव्यात. उजेड आपल्या पाठीमागून आला, तर आपलीच सावली गाडीवर पडते. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, म्हणजे १:८७ प्रमाणात सुमारे ७४ सेंटिमीटर. एवढ्या उंच खांबांच्या सावल्या मागच्या रंगवलेल्या आकाशावर उमटल्या की सगळा देखावा कोसळतो, म्हणून सुट्या दिव्यांऐवजी सलग पट्टी, तिच्यावर दुधी आवरण आणि पूल व आकाश यांत मोकळी जागा आवश्यक आहे.

खरा कस संध्याकाळी लागतो. डोळ्याला उजेडाचा फरक सम प्रमाणात जाणवत नाही. ८ बिटच्या नियंत्रणात २५६ पायऱ्या असतात आणि अगदी मंद उजेडात दुसरी पायरी पहिलीच्या दुप्पट असल्यामुळे दिवा ठळक झटका देतो. ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक चिपवर १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या मिळतात. त्यांना सुमारे २.२ चा गॅमा वक्र, म्हणजे डोळ्याच्या जाणिवेशी पायऱ्या जुळवणारे गणित, लावला की दिवस अलगद मावळतो. पीडब्ल्यूएमची, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्यासाठी दिवा झपाट्याने चालू-बंद करण्याच्या पद्धतीची, वारंवारता कमी ठेवल्यास मोबाइलच्या चित्रीकरणात पट्टे दिसतात, तेव्हा ती काही किलोहर्ट्झ असावी. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. लेआउटचे घड्याळ सहापट वेगाने चालत असेल, तर तो चार मिनिटांत संपला पाहिजे. उत्तर युरोपातील लेआउटवरची रेंगाळणारी संध्याकाळ इथे शोभत नाही.

मीटरला १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेते, २४ व्होल्टवर ३. त्यामुळे २४ व्होल्टची निवडल्यास दूरचे टोक कमी मंदावते. खाऱ्या दमट हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात, म्हणून चिमट्याच्या जोडण्यांऐवजी डाग देऊन वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवावी. दिव्यांचा वीजपुरवठा गाड्यांच्या डीसीसी (रुळांतून डिजिटल आज्ञा देणाऱ्या) पुरवठ्यापासून वेगळा ठेवावा. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली, की नियंत्रकाने दिवे शून्यापासून सावकाश वर आणावेत आणि घड्याळ जिथे थांबले होते त्याच वेळेचा उजेड द्यावा. त्यासाठी चालू वेळ ठरावीक अंतराने कायम स्मृतीत नोंदवून ठेवावी लागते.