दारातलं पिस्तूल

विधानसभेच्या निवडणुकीत जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, झालं, सातला प्रत्यक्ष मतदान सुरू झालं. दहाच्या सुमारास बायकांची रांग व्हरांडा ओलांडून हापशापर्यंत गेली होती.

एकदम बाहेरचा गलका थांबला. मी दाराकडे पाहिलं. गावातलं एक वजनदार प्रस्थ मतदानाला आलं होतं, मागोमाग त्यांचा खासगी अंगरक्षक. कमरेला पिस्तूल, सगळ्यांना दिसेल असं. रांगेतल्या दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एका म्हातारीने हातातली मतदार चिठ्ठी कनवटीला खोचली, "मागनं येते गं" म्हणाली आणि निघून गेली.

मी उठून दारात गेलो. "साहेब, तुम्ही या. यांना इथे येता येणार नाही."

"परवाना आहे त्याचा, गुरुजी."

"असू दे. आजच्या दिवशी इथे तो चालत नाही."

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १३४ ब मी त्यांना सांगितलं. मतदानाच्या दिवशी निवडणूक अधिकारी, पोलीस आणि बंदोबस्तावर नेमलेली माणसं सोडून कुणीही केंद्राच्या परिसरात शस्त्र आणलं, तर तो दखलपात्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दोष सिद्ध झाला की परवानाही जातो. परवान्याचं ऐकल्यावर साहेब गप्प झाले. तोवर हवालदार पुढे आले होते. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली आणि अंगरक्षकाला पिस्तुलासकट घेऊन गेली. साहेबांनी रांगेतूनच मत दिलं. घडलेलं सगळं मी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत वेळेसह लिहिलं.

त्या माणसाने कुणाला धमकावलं नव्हतं, हे खरं. पण दारात पिस्तूल दिसलं की आतल्या मताच्या गुप्ततेवर बाईमाणसाचा विश्वास कसा बसणार? म्हणून तर बंदोबस्तावरच्या पोलिसालाही केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय मतदानाच्या खोलीत यायचं नसतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. ती म्हातारी सहा वाजेपर्यंत परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीत अर्ज दिला. निवडणुकीआधी परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात, पण काहींना त्यातून सूट मिळते आणि अशीच शस्त्रं मग शाळेच्या दारापर्यंत येतात. सूट मिळालेल्या प्रत्येकाला मतदानाच्या दिवसाची ही मनाई लेखी कळवा, असं मी अर्जात लिहिलं. प्रचारबंदीसाठी १०० मीटरवर चुन्याची रेषा आपण आखतोच. पोलीस त्या रेषेवर उभे करा, शस्त्र तिथेच अडवा. खोलीच्या दारात अडवेपर्यंत रांगेने ते पाहिलेलं असतं. अर्जाची पोच मिळाली आहे. पुढच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाआधी ती घेऊन मी पुन्हा जाणार आहे.